हाइनर आणि शेंगदाण्यांची टीम

हाइनरबद्दल लिही, असं माझी नात रेवा मला कित्येक वर्षं सांगते आहे. मी टाळत आलो. कधी डोळ्यांच्या ऑपरेशनचं निमित्त, कधी हात थरथरतो म्हणून, कधी नुसतंच "बघू पुढच्या महिन्यात". खरं कारण एवढंच की हाइनरबद्दल खरं लिहायचं तर स्वतःबद्दलही खरं लिहावं लागणार, आणि त्याची माझी तयारी नव्हती.

मागच्या गणपतीत आमच्या मंडळात प्रसादाच्या रांगेत प्रशांत माझ्या पुढे उभा होता. पुण्याहून नव्याने आलेल्या एका जोडप्याला तो सांगत होता, "पूर्वी इथे एक जर्मन कोच होता. माणूस भारी, पण आपल्या सणांचं त्याला काही पडलेलं नव्हतं यार. गणपतीच्या तालमीला गेल्या म्हणून आमच्या मुलींना सरळ बेंचवर बसवलं होतं त्याने. काकांना विचारा, काका होते तिथे." तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोदकाकडे पाहिलं आणि म्हणालो, "जुनी गोष्ट आहे." घरी आलो, चपला काढल्या आणि ठरवलं, आता लिहायचंच.

आम्ही ट्रॉयला राहतो, मिशिगनमध्ये. इथल्या गाड्यांच्या कंपन्यांनी आम्हाला जगवलं. मी तरुणपणी इथे आलो आणि जन्मभर गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या डिझाइन केल्या. दार उघडताना कुणाला बिजागरीची आठवण येत नाही, आणि ती येऊ नये हेच माझं काम. निवृत्त झालो त्या वसंतात, दोन हजार दोन साली, माझी मुलगी अनघा म्हणाली, "बाबा, आता तुम्ही मोकळे आहात तर रेवाला सॉकरला सोडाल का? आमच्या दोघांच्याही हॉस्पिटलच्या वेळा जमत नाहीत." इथे फुटबॉलला सॉकर म्हणतात. रेवा दहा वर्षांची होती.

पहिल्या दिवशी आम्ही लवकर पोचलो. शाळेमागच्या मैदानावर एक उंच, लालबुंद गालांचा, पांढऱ्या मिशांचा माणूस हातात फावडं आणि बादली घेऊन फिरत होता. आमच्याकडे वसंतात कॅनडातले मोठे हंस मैदानांवर उतरतात आणि सगळीकडे घाण करून ठेवतात. हा माणूस ती घाण उचलून बादलीत टाकत होता आणि कडेला उभ्या असलेल्या हंसांना त्याच्या भाषेत झाडत होता. हंसही मान ताठ करून ऐकून घेत होते. मला वाटलं, शाळेचा माळी असेल. मी विचारलं, "कोच कधी येणार?"

त्याने घड्याळ पाहिलं. "हंस गेले की येतो तो."

हंस उडाले. त्याने बादली झाडामागे ठेवली, बाटलीतल्या पाण्याने हात धुतले, खिशातून शिट्टी काढून गळ्यात घातली आणि परत माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "आला," तो म्हणाला. "मी हाइनर. तुम्ही?"

मी नाव सांगितलं, आणि का कोण जाणे, इंजिनिअर असल्याचंही सांगितलं. तेव्हापासून शेवटपर्यंत मी त्याच्यासाठी 'हेर इंजिनिअर' राहिलो. 'हेर' म्हणजे जर्मनमध्ये 'श्रीयुत'. तिथे म्हणे असंच म्हणतात, आदराने. त्याच्या तोंडी त्यात आदर किती आणि चेष्टा किती, हे मला कधी कळलं नाही. तो बोलायचा इंग्रजीत, जर्मन वळणाच्या. मी त्याचं बोलणं इथे मराठीत देतो आहे. तो ठसका मात्र मला देता येत नाही.

मुली जमल्या. त्याने त्यांना गवतावर बसवलं आणि विचारलं, "मी जर्मनीत फुटबॉल खेळलो आहे. सगळ्यात वरच्या विभागात मी एक गोल केला आहे. कुणावर केला असेल?"

मुलींनी माहीत असलेली सगळी नावं घेतली. तो प्रत्येक नावाला मान हलवत राहिला. शेवटी म्हणाला, "माझ्याच टीमवर."

मुली खो खो हसल्या. मग त्याने ती गोष्ट सांगितली. कोळशाच्या खाणींच्या गावात तो जन्मला. वडील खाणीत होते. तो गावच्या क्लबात डाव्या बाजूचा बचावपटू होता आणि बहुतेक कारकीर्द खालच्या विभागात गेली. एका वर्षी क्लब कसाबसा वर चढला. पहिल्याच सामन्यात चेंडू बाहेर मारायला तो धावला, आणि असा सुंदर मारला की स्वतःच्या गोलरक्षकाला हलताही आलं नाही. "तेवढा सुंदर गोल मी पुन्हा कधी केला नाही," तो म्हणायचा. पुढच्याच आठवड्यात गुडघा गेला आणि वरच्या विभागातला तो एकच सामना राहिला. "रात्रभर मला वाटत होतं, आता गावात तोंड कसं दाखवू? सकाळी पाव आणायला गेलो. बेकरी उघडी होती. बेकरीवाल्याने पाव दिला. रोज देतो तसाच."

हे त्याचं पालुपद होतं. कुणी पेनल्टी चुकवली, कुणी रडायला लागली की तो तिच्यासमोर उकिडवा बसायचा, गुडघा कटकन वाजायचा, आणि तो म्हणायचा, "उद्या सकाळी बेकरी उघडी असेल." माझ्या बायकोला, सुमनलाही ते इतकं आवडलं की पोळी करपली की ती मला तेच ऐकवायची.

गुडघा गेल्यावर तो कोच झाला. लहानलहान गावांचे क्लब सांभाळले. एका ठिकाणाहून काढलं, एका ठिकाणाहून हा स्वतः भांडून निघाला. बायको गिझेला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत होती. तिची बदली इकडे झाली म्हणून दोघं आले. काही वर्षांनी ती वारली. परत का गेला नाहीस, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "सीझन अर्धा झाला होता. मुलींना कुणाच्या भरवशावर सोडू?"

त्याची शिकवण्याची रीत और होती. पहिला महिना गोलच्या दिशेने मारणं बंद, फक्त एकमेकींना पास. दुसरा महिना उजव्या पायातला बूट काढायचा आणि नुसत्या मोज्यावर खेळायचं, म्हणजे दुखेल या भीतीने पोरी आपोआप डाव्या पायाने मारतात. पालक हबकले. प्रशांत तेव्हा नुकताच पुण्याहून नोकरीसाठी आला होता, त्याची मुलगी सई रेवाच्याच टीममध्ये होती. तो मला म्हणाला, "काका, हा माणूस नॉर्मल आहे ना? एक बूट घालून पळवतोय." पण शरद ऋतूपर्यंत त्या मुली दोन्ही पायांनी असा चेंडू मारू लागल्या की शेजारच्या गावातले पालक त्यांच्या कोचला विचारू लागले, आपणही एक बूट काढायचा का?

आणि हात वर करण्याचा नियम. पास चुकला की जिची चूक तिने लगेच हात वर करायचा. आपल्याकडे हात वर करणं म्हणजे जबाबदारी झटकणं, त्याच्या मैदानावर नेमकं उलटं. मुली इथल्या सवयीने म्हणायच्या, "माय बॅड," म्हणजे माझं चुकलं. त्याला ते 'बॅड' पसंत नव्हतं. "बॅड की गुड ते मी ठरवीन. तू फक्त सांग, कुणाची." रेवा म्हणाली, मराठीत 'माझी' म्हणतात. त्याला शब्द आवडला. त्या दिवसापासून मिशिगनच्या त्या मैदानावर सोनेरी केसांच्या, कुरळ्या केसांच्या, सगळ्या रंगांच्या मुली हात वर करून ओरडू लागल्या, "माझी!" एकदा हात वर गेला की विषय संपला. ती चूक पुन्हा जो काढेल त्याने मैदानाला एक फेरी मारायची, मग तो खेळाडू असो की पालक. प्रशांतने पहिल्या वर्षी पुष्कळ फेऱ्या मारल्या. त्याचं वजनही उतरलं.

मराठी शब्दांचा त्याला नादच लागला. "चला चला चला!" असं तो बाजूला उभा राहून गर्जायचा. समोरच्या टीमचा कोच एकदा मला बाजूला घेऊन विचारत होता की ही 'चला' नावाची जर्मन पद्धत कुठे शिकायला मिळेल. मी म्हणालो, त्याला फार वर्षं लागतात.

मध्यंतरात मुलींना संत्र्याच्या फोडी द्यायची इथे पद्धत आहे. आमच्या बायकांनी त्यावर चाट मसाला भुरभुरायला सुरुवात केली. दोन-तीन सामन्यांनंतर समोरच्या टीमच्या मुलीही आमच्या बाजूला रांग लावू लागल्या. हाइनर म्हणाला, "हेर इंजिनिअर, मसाला जपून वापरा. त्यांनाही ताकद यायला लागली आहे."

घरी तो पहिल्यांदा आला तेव्हा सुमनने थालीपीठ लावलं होतं. एक घास खाऊन त्याने ताटलीकडे नीट पाहिलं. मग म्हणाला, "माझी आई बटाट्याचं असंच काहीतरी करायची. फक्त एक गोष्ट कमी आहे." उठला, गाडी काढून दुकानात गेला आणि सफरचंदाच्या गोड गराची बाटली घेऊन आला. आमच्या डोळ्यांदेखत त्याने तो गर भाजणीच्या थालीपिठावर ओतला. सुमनने डोळे मिटून घेतले. "अहो, हे काय करताहेत भाऊजी!" ती मला म्हणाली. त्याने घास तिच्यापुढे धरला. भिडेखातर तिने खाल्ला. पण पुढे आमच्या घरात लोण्याशेजारी ती बाटली कायम असायची, आणि तो नसतानाही रिकामी होत असायची. "अजून एक," हे त्याचं दुसरं मराठी वाक्य. "बास" तो कधी शिकला नाही.

चेष्टामस्करीच्या या माणसाला एकच गोष्ट मनापासून हवी होती. ती त्याने एकदा फावड्यावर रेलून, हंसांकडे बघत मला सांगितली. "मी खेळाडू म्हणून कधी कप उचलला नाही. कोच म्हणूनही नाही. प्रत्येक वेळी दुसऱ्यांना उचलताना टाळ्या वाजवल्या. टाळ्या मी फार चांगल्या वाजवतो. पण या मुलींबरोबर, हेर इंजिनिअर, या मुलींबरोबर मला एकदा कप उचलायचा आहे."

दोन हजार पाचच्या शरदात ते शक्य दिसू लागलं. मुली तेरा-चौदाच्या झाल्या होत्या. आम्ही जिल्ह्याच्या कपच्या उपांत्य सामन्यात पोचलो होतो. आमच्या मराठी मुली चार होत्या, आणि चौघी मैदानाच्या मधोमध खेळायच्या. सगळा खेळ त्यांच्यावर उभा होता.

सामना शनिवारी सकाळी, आणि त्याच संध्याकाळी मंडळाचा गणपती. मुलांचं नाटक मी बसवत होतो, आणि त्यात या चौघीही होत्या. रंगीत तालीम गुरुवारी संध्याकाळी ठेवावी लागली, कारण हॉल त्याच दिवशी मिळाला. गुरुवारी फुटबॉलचा सरावही असतो. पालकांनी विचारलं, कोचला काय सांगायचं? मी म्हणालो, "ते माझ्यावर सोडा. हाइनर माझा मित्र आहे. मी सांगतो."

सांगणं काही अवघड नव्हतं. हाइनरचा नियम साधा होता. न सांगता सराव चुकवला तर पहिला अर्धा सामना बाहेर. क्लबच्या अध्यक्षबाईंच्या मुलीलाही त्याने तसं बसवलं होतं, ती वाढदिवसाच्या पार्टीला गेली होती म्हणून. पण आधी कळवलं तर तो सराव पुढेमागे करायचा. आदल्या वर्षी लक्ष्मीपूजनासाठी त्याने सराव हलवला होता आणि स्वतः येऊन करंज्या खाऊन गेला होता. "तुमच्या देवांसाठी मी मैदान हलवीन," तो म्हणाला होता, "फक्त एक दिवस आधी सांगा. मैदान जड असतं."

बुधवारी संध्याकाळी तो घरी आला. मी सांगणारच होतो. पण तो दारातूनच इतका खुशीत आला की बूट काढण्याआधी त्याने सुमनकडे चिवडा मागितला. खायला नाही, दाखवायला. चिवड्यातले शेंगदाणे वेचून त्याने टेबलावर टीम मांडली. मधले चार शेंगदाणे त्याने विशेष निवडून घेतले, टपोरे. "ही रेवा. ही सई. या दोघी इथून अशा पुढे जातील, तेव्हा या दोघी मागे येतील. समोरच्यांना कळणारच नाही कोण कुठे आहे. हे मी तीस वर्षं डोक्यात घेऊन फिरतोय. उद्या फक्त हेच करायचं, दुसरं काही नाही. उद्या!" त्याचं मोठं लाल बोट त्या शेंगदाण्यांवरून फिरत होतं. डोळे लहान मुलासारखे झाले होते.

त्या वेळी मी म्हणायला हवं होतं की उद्या हे चार शेंगदाणे नाहीत. मला म्हणवेना. त्याचा एवढा आनंद आत्ता कशाला मोडायचा, सकाळी फोन करू, असं मनाशी म्हटलं. आपली ती जुनी खोड आहे. समोरच्याचं मन मोडवत नाही म्हणून आपण तोंड उघडत नाही, आणि त्याला चांगुलपणा समजतो. सकाळी थर्माकोलचं मखर तुटल्याचा फोन आला, मग हॉलच्या किल्लीची धावपळ. दुपारी हाइनरची आठवण झाली, तेव्हा वाटलं, आता इतक्या उशिरा काय सांगायचं, तो चिडेल. तो कधी कुणावर चिडलेला मी पाहिला नव्हता. तरीही मी तेच कारण स्वतःला दिलं आणि तालमीला गेलो.

गुरुवारी तो मैदानावर उरलेल्या मुलींना घेऊन उभा राहिला, अंधार पडेपर्यंत.

शनिवारी सकाळी त्याने मला विचारलं, "माझ्या चौघी कुठे होत्या?"

"तालीम होती," मी म्हणालो. "गणपतीची."

"मला कुणी सांगितलं नाही."

मी खाली पाहिलं. त्याला तेवढं पुरलं. त्याने मिशी ओढली. मग म्हणाला, "अध्यक्षबाईंची मुलगी समोर उभी आहे. तिला बसवलं होतं. आज यांना नाही बसवलं तर मी तिला काय सांगू?" चौघी पहिला अर्धा वेळ बाहेर बसल्या. तेवढ्यात आमच्यावर दोन गोल झाले. नंतर चौघी उतरल्या आणि शेंगदाण्यांसारख्याच फिरल्या, एक गोल केला, दुसरा खांबाला लागून बाहेर गेला. आम्ही हरलो. हाइनरने समोरच्या टीमसाठी टाळ्या वाजवल्या. चांगल्याच वाजवल्या.

पार्किंगमध्ये प्रशांतने मला गाठलं. सई गाडीत रडत होती. "काका, तुम्ही त्याला सांगितलं होतं ना?"

मी म्हणालो, "हो."

विचार करून बोललो नाही. तोंडातून निघून गेलं. पण निघालं ते निघालं. प्रशांतचा चेहरा लाल झाला. "म्हणजे माहीत असून बसवलं? फेस्टिवलला गेल्या म्हणून?" संध्याकाळी आरतीच्या वेळी ही गोष्ट सगळ्या हॉलभर झाली होती. सोमवारी क्लबकडे तक्रार गेली.

शाळेच्या लायब्ररीत बैठक झाली. लहान मुलांच्या खुर्च्या होत्या, हाइनरचे गुडघे छातीला लागत होते. प्रशांतने सगळं मांडलं आणि म्हणाला, "कोचला आधी सांगितलेलं होतं. काका इथेच आहेत, त्यांना विचारा." अध्यक्षबाई माझ्याकडे वळल्या. मी तोंड उघडलं. आजही मला सांगता येत नाही की त्या उघडलेल्या तोंडातून काय निघणार होतं. खरंच निघालं असतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला समजावलं आहे.

पण त्याआधीच हाइनरचा हात वर गेला. मैदानावर जातो तसा, सरळ, पंजा उघडा.

"माझी," तो म्हणाला. मराठीतच. "त्यांनी सांगितलं होतं. मी विसरलो. म्हातारा झालो."

अध्यक्षबाईंना तो हात ओळखीचा होता. त्यांनी पुढे विचारलं नाही. मुलींची टीम त्याच्याकडून काढून घेतली, आणि त्याला पाच-सहा वर्षांच्या पोरांचा वर्ग दिला.

बाहेर आल्यावर मी त्याला गाडीजवळ गाठलं. "हाइनर, हे तू का केलंस?"

"हेर इंजिनिअर," तो म्हणाला, "तुम्हाला या लोकांत राहायचं आहे. प्रत्येक सणाला त्यांच्या शेजारी बसून गोड खायचं आहे. मी नुसता कोच आहे."

"पण मी सांगायला हवं होतं की..."

त्याने बोट उचललं. "हात वर गेला. विषय संपला. आता तुमची एक फेरी."

मला वाटलं चेष्टा करतो आहे. पण तो खरोखर थांबला. मग आम्ही दोघांनी मैदानाला एक फेरी मारली, मी चालत, तो लंगडत शेजारी. वाटेत त्याने मला हंस जोडीने कसे राहतात ते सांगितलं. दुसरं काही बोलू दिलं नाही.

त्या लहान पोरांच्या वर्गात मी त्याला जितकं हसताना पाहिलं तितकं एरवी कधीच नाही. पाच वर्षांची मुलं चेंडूमागे नाही, फुलपाखरामागे धावतात. एक मुलगा गोलमध्ये उभा राहायचा आणि जाळीत स्वतःला गुंडाळून घ्यायचा. हाइनर म्हणायचा, "त्या सामन्यात मीही असंच जाळीत असायला हवं होतं, म्हणजे तो गोल झाला नसता." पोरांना तो हात वर करायला शिकवायचा. ती इतकी उत्साहाने हात वर करायची की चूक न करताच "माझी! माझी!" म्हणत सुटायची.

पुढच्या वर्षी आमच्या मुलींनी कप जिंकला. नव्या कोचने शेंगदाण्यांचीच चाल वापरली, मुलींनीच त्याला शिकवली होती. कप घेऊन सगळ्या टीमने मैदान ओलांडलं, बाजूच्या मैदानावर हाइनरचा वर्ग चालू होता तिथे गेली, आणि रेवाने आपलं पदक त्याच्या गळ्यात घातलं. चौघींनी मिळून कप त्याच्या हातात दिला. त्याने तो डोक्यावर उचलला. पाच वर्षांच्या पोरांनी, कशासाठी ते न कळताही, टाळ्या वाजवल्या. प्रशांतनेही वाजवल्या. मी कुंपणाशी उभा होतो. मला वाटलं, आता, आत्ता सर्वांसमोर सांगावं. हाइनरने लांबूनच माझा चेहरा पाहिला आणि हवेत बोटाने एक गोल काढला, मैदानाची फेरी दाखवणारा. मी हसलो. हसून गप्प बसलो.

त्याच वर्षी जर्मनीत विश्वचषक झाला. उपांत्य सामना आम्ही आमच्या तळघरात पाहिला. हाइनर गावच्या क्लबचा जुना शर्ट घालून आला होता, तो पोटावर बसत नव्हता. सुमनने बटाटेवडे तळले होते. अगदी शेवटी, आता पेनल्टीवर जाणार असं वाटत असताना, जर्मनीने पाठोपाठ दोन गोल खाल्ले. हाइनर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. तेव्हा रेवा त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "कोच, टुमॉरो मॉर्निंग द बेकरी विल बी ओपन." तो इतका मोठ्याने हसला की डोळ्यांतून पाणी आलं, किंवा आधीच आलेलं होतं. मग त्याने ताटलीकडे बोट दाखवलं. "अजून एक."

दोन हजार आठच्या वसंतात तो कायमचा परत निघाला. म्हातारी बहीण एकटी होती, आणि गावच्या क्लबला पोरांसाठी कोच हवा होता. विमानतळावर सोडायला मी गेलो. वाटेवर सगळं वाक्य मी मनात जुळवून ठेवलं होतं, बिजागरीसारखं घासून पुसून, कुठे करकरू नये म्हणून. पण तो सारा वेळ बोलत होता. त्याच्या मांडीवर सुमनने दिलेला भाजणीचा डबा होता, आणि जर्मन कस्टमवाल्याला भाजणी म्हणजे काय हे कसं समजवायचं याची तो रंगीत तालीम करत होता. दारापाशी आम्ही उतरलो. त्याने मला मिठी मारली. मी म्हणालो, "हाइनर, त्या गणपतीला..."

"फेरी!" तो म्हणाला. "इथे मैदान नाही, म्हणून माफ." आणि डबा काखेत धरून, लंगडत, तो आत गेला. काचेचं दार मिटलं. तो दिसेनासा झाल्यावर माझा हात वर गेला. मागचा पोलीस म्हणाला, "सर, गाडी पुढे घ्या." मी गाडी पुढे घेतली.

त्या हिवाळ्यात त्याच्या बहिणीचा फोन आला. झोपेतच गेला होता. आदल्या दिवशी पोरांचा सराव घेऊन आला होता. ती म्हणाली, ती पोरं काहीतरी 'चला चला' ओरडतात, ते कोणत्या भाषेतलं आहे, तुम्हाला माहीत आहे का?

आता रेवा तिच्या मुलाच्या टीमची कोच आहे. मी घडीची खुर्ची घेऊन कडेला बसतो. पोरं पास चुकवतात, हात वर करतात आणि ओरडतात. परवा रेवाने विचारलं, "आजोबा, व्हाय आर यू क्रायिंग?" मी म्हणालो, ऊन आहे. ते काही खरं नव्हतं.

म्हणून हे लिहिलं. प्रशांत, हे तूही वाच, आणि पुढच्या गणपतीला रांगेत ती गोष्ट सांगशील तेव्हा अशी सांग. हाइनरला कुणीही सांगितलेलं नव्हतं. सांगायचं काम माझं होतं. मी सांगितलं नाही, आणि तू विचारलंस तेव्हा तुझ्याशी खोटं बोललो. तो विसरला नव्हता. तो आयुष्यात काही विसरत नसे.

आणि हाइनर, तू फेरी मारायला लावशील, माहीत आहे. मारतो. पण आधी एवढं ऐकून घे. तो हात तुझा नव्हता. माझा होता. माझी, हाइनर. माझी.